शेवळं आणली, काकडं टाकली

आईनं बारा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि मी कल्याणहून जवळजवळ पळतच निघालो. तापानंतर तिची अन्नावरची वासनाच गेली होती. पेज पुढे केली की भिंतीकडे तोंड फिरवायची. काल मात्र म्हणाली, "शेवळं मिळाली तर दोन घास खाईन." तिचं माहेर शेणव्याचं.

आसनगावला उतरून मोटार धरली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालायची. म्हणजे चढ आला की आम्ही उतारू तिला चालवायचो. पण काय ते रान! ढकलताना माझा एक हात करवंदांच्या जाळीत होता, हे ड्रायव्हरला कळलं नाही एवढंच.

शेणव्याच्या अलीकडे वाडीवरची नागीबाई नावाची बाई शेवळं (पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे जांभळट कोंब) घेऊन बसली होती. मी हरखून होत्या तेवढ्या जुड्या उचलल्या. माझी घाई बघून तिनं आधी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) घातलेली शेवळांची भाजी. आंबूस, दाट, मटण विसरायला लावणारी. निघताना तिनं गाठोड्यात बोराएवढी हिरवी काकडं (काकड झाडाची फळं) ओंजळभर टाकली. किती द्यायचे विचारलं, तर म्हणाली, "काकडं इकत नाय आमी. ती शेवळांच्या संगं जायाचीच." ती पुढं काही सांगत होती, पण परतीच्या मोटारीचा भोंगा वाजला आणि मी धावलो.

आगगाडीत एक काकड चावून पाहिलं. असं आंबट की डोळेच मिटले. गरिबाची माया, दुसरं काय, असं म्हणत बाकीची मी वाशिंदच्या आसपास खिडकीतून भिरकावून दिली.

आईनं उठून बसून गाठोडं सोडलं, शेवळं हुंगली, मग तळ चाचपला. "काकडं कुठायत?"

मी सांगितलं.

"अरे, त्यांच्या आंबटाशिवाय शेवळं खाजतात, घसा धरतात." चिंच घालू का, असं मी विचारलं. ती भिंतीकडे वळली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत गेलो. नागीबाई पदर तोंडाला लावून हसली आणि मला थेट झाडाखाली घेऊन गेली. काकडं मीच पाडली, मीच वेचली. "आयला सांगा, या टायमाला पोरानं सोता येचलीत," ती म्हणाली.

ती आईनं स्वतः ठेचली, बिया बाजूला काढल्या, गर उकळून पिळला, आणि भाजीबरोबर अख्खी भाकरी खाल्ली. मी तिच्या ताटाकडे बघतच राहिलो. खाज आणि तिचा उतारा एकाच रानात, एकाच दिवसांत येतात. कुणा बाईनं घसा खाजवून घेत हे शोधलं असेल, आणि मी शहाणा ते खिडकीबाहेर टाकून मोकळा झालो होतो.

हात धुऊन आईनं काकडांच्या बिया माझ्या हातावर ठेवल्या.

"परसात लाव," ती म्हणाली. "आणि परसापर्यंत तरी नीट ने."