डाउट बोर्डवरचे मराठी प्रश्न

मशीन बंद पडली की तिला लिंबू बांधणाऱ्यांतला मी नाही. आधी फ्यूज पाहा, मग देवाकडे जा — एवढंच माझं तत्त्वज्ञान. लोकांचे भुताखेतांचे, चमत्काराचे अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, "लोकांना कामधंदे नाहीत." आता मीच लिहून राहिलो... तर हसा खुशाल.

मी जबलपूरचा. घर महाराजपूरला, नोकरी संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत, वय त्रेचाळीस. बढतीच्या परीक्षेत दोनदा आपटलो होतो आणि तिसरी संधी शेवटची. ती गेली की रिटायर होईपर्यंत त्याच मशीनवर, तेही मीच काम शिकवलेल्या पोरांच्या हाताखाली. या विचारानं जीव जळायचा. पण घरी पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डुलकी, नाहीतर मोबाईल. बायको म्हणाली, "तुम्ही पुस्तकाले उशी समजून राहिले. बाहेर जाऊन बसा कुठी."

म्हणून ड्यूटीनंतर पाच ते आठ नेपियर टाउनमधल्या एका रीडिंग लायब्ररीत बसू लागलो. सगळी वीस-बावीसची पोरं, मला 'अंकल जी' म्हणणारी. आत बोलायला मनाई. पण पाण्याच्या कूलरजवळ एक पांढरा बोर्ड होता, त्याला सगळे 'डाउट बोर्ड' म्हणत. अडलं की त्यावर प्रश्न लिहायचा, नाव टाकायचं नाही. सहाच्या चहाच्या सुट्टीत ज्याला येते तो समजावून सांगतो.

मी मात्र एकदाही लिहिलं नाही. शाळेतलं गणित या वयात विचारायचं? लाज वाटायची, सरळ सांगतो. अडलं की त्या ओळीवर पिवळा पेन फिरवायचा आणि पान उलटायचं... पुस्तक पिवळंधमक झालं, डोक्यात शून्य.

एका मंगळवारी चहाला उठलो, तर बोर्डवर चक्क मराठीत — "दोन नळ टाकी भरते, तिसरा रिकामी करते. मग तिसरा वजा काहून करायचा?"

मी गारच पडलो. अर्ध्या तासापूर्वी नेमकं तिथंच अडून मी पान उलटलं होतं. कुठं लिहिलं नव्हतं, कोणाला बोललो नव्हतो.

बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी रिया म्हणून एक पोरगी, तिनं मलाच विचारलं, "अंकल जी, ये मराठी है ना? क्या लिखा है?" त्या हॉलमध्ये मराठी वाचणारा मी एकटाच. सांगावंच लागलं. ती म्हणाली, "दो लोग भर रहे हैं, तीसरा गिरा रहा है. जितना गिरा, उतना कम हुआ न?" पंचवीस वर्षं अडलेलं पाच मिनिटांत सुटलं.

मग हे जवळपास रोजच. मी जिथं पळ काढायचो, तोच प्रश्न सहाला बोर्डवर. लायब्ररीवाल्या दीदी म्हणाल्या, "आप ही लिखकर भूल जाते होंगे." पण अक्षर माझं नव्हतं, ते गोल, ठसठशीत. भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त. दीदी पाचला बोर्ड पुसायच्या, म्हणून एकदा बोर्डसमोरच बसलो. पेनाचं टोपण पडलं, ते उचलून वर पाहतो — प्रश्न हजर. कूलरजवळ चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी चांगला येणारा धडा उघडून अडल्याचं सोंग केलं, तर बोर्ड कोरा. म्हणजे जो कोण होता, त्याला सोंगही कळत होतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा वाटलं, दुसऱ्याला कशाला त्रास? मार्कर घेतला आणि माझा प्रश्न मीच लिहिला. कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून ते गोल अक्षर दिसलं नाही. मी रोज विचारत गेलो आणि... पास झालो. बायकोसमोर ढसाढसा रडलो, लपवत नाही.

खोव्याची जिलबी घेऊन लायब्ररीत गेलो, तर बोर्डवर पुन्हा तेच अक्षर — "जायचा वेग वेगळा, यायचा वेगळा. मग सरासरी काढाले बेरीज करून निम्मी काहून नाही करायची?"

रिया म्हणाली, "अब तो पास हो गए, अब क्या पूछ रहे हैं?"

हा प्रश्न माझा नव्हता. मी तो हिंदीत वाचून दाखवला. मागच्या रांगेत चाळिशीची एक बाई बसली होती — नवीन आलेली, हिंदी बोलणारी, मराठीचा गंध नाही. तिचं बोट पुस्तकाच्या पानावर होतं ते तिथंच थांबलं. तिनं बोर्डकडे पाहिलं, मग मान खाली घातली. अडलं की मीही तशीच मान घालायचो.

मी मार्कर उचलला. कोणाकडे न पाहता म्हणालो, "जहाँ धीरे चले, वहाँ टाइम ज़्यादा लगा. वो टाइम भी तो गिनना पड़ेगा." थोड्या वेळानं तिची पेन्सिल चालू लागली.

कोण लिहिते, मला ठाऊक नाही. तिचा प्रश्न तिला न येणाऱ्या भाषेत काहून लिहिला, तेही सांगता येत नाही. परीक्षा संपली, तरी सहाच्या चहाला मी अजून तिथं जातो. वाचणारा दुसरा कोणी नाही.