देवापुढच्या गोळ्या

ऐंशीच्या दशकात परदेशी मिशनचे डॉक्टर गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावी पंधरा दिवस शिबिराला आले. मी जवळच्या सावली गावाहून दुभाषी म्हणून हौसेने गेले होते.

तापाने फणफणलेली एक म्हातारी दुसऱ्या दिवशी तशीच परत आली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने खाल्ल्याच नव्हत्या.

"काऊन नाई खाल्ल्या, बाई?" मी खेकसले.

"घरात नवं काई आलं का पहिले देवापुढं ठेवा लागते. पूजा नाई झाली अजून."

कपाळाला हात लावून मी हे शिबिरातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हातारीच्या तळहातावर त्यांनी नवी गोळी ठेवली आणि जेवणाआधी प्रार्थनेला मिटायच्या तसे डोळे मिटले. म्हातारीनेही मिटले.

मग तिने एक डोळा उघडला.

"पाहून काऊन राह्यली, पोरी? तू बी मिट ना."