जुना आहे ना?

बावधनच्या एका सोसायटीच्या गेटपाशी मी दर रविवारी आमच्या रिहे गावच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ विकते. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, जुना आहे ना?" आणि मी बेधडक "व्हय" म्हणायचे. तांदूळ त्याच हंगामातला होता. पण नवा म्हटलं की माणसं पुढे निघून जायची.

एका रविवारी आयटीत नोकरी करणारी, नागपूरकडची एक बाई डबाच घेऊन आली. आत भाताचा नुसता लगदा. "तुमच्या तांदळात भेसळ आहे," ती चारचौघांत म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. खोटं बोलले होते मी, पण भेसळ?

"भेसळ न्हाई," मी म्हणाले. "तांदूळ नवा हाय. जुना म्हणून मी खोटं सांगितलं. तुमी दुप्पट पाणी घातलं आसंल. नव्याला वाटीला दीड वाटी पुरं. आन् इंद्रायणी चिकटच आसतो. मोकळा भात पायजे तर दुकानातनं कोलम घ्या."

ती डब्याचं झाकण लावून निघून गेली. गिऱ्हाईक तुटलं, हे मला कळलं होतं. तरी कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी ती आली, सोबत मैत्रीण. मैत्रिणीने गोणीत हात घालून विचारलंच, "मावशी, जुना आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत नागपूरची म्हणाली, "नवा आहे. पाणी कमी घाल."