सयाजीरावांचा गेटपास

सयाजीरावांची आणि माझी ओळख शिट्टीने झाली. डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर चाला म्हणून सांगितलं, म्हणून मी सीवूड्समधल्या सोसायटीतून निघून खाडीकाठच्या तळ्यापर्यंत गेलो, तर कानात शिट्टी घुसली. खाकी टोपी, पांढऱ्या मिशा आणि दरवाजा अडेल एवढे खांदे, असा एक माणूस टेबलामागून उठला.

"नाव?"

"हारुन."

"येण्याचं कारण?"

"मधुमेह."

त्याने ते तसंच्या तसं रजिस्टरात उतरवलं. तेव्हापासून रोज माझ्या नावापुढे 'मधुमेह' लागतो. साखर नॉर्मल आली त्या दिवशीही लागला.

सयाजीराव मूळचे साताऱ्याकडचे. चौतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. निवृत्त होऊन सानपाड्याच्या घरी बसले, आणि दोन महिन्यांत त्यांनी बायकोच्या, वेणूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या अशा काही थप्प्या लावल्या, की हळद सापडायला अर्धा तास लागे. शेवटी वेणूबाईंनीच मुलाच्या, उदयसिंहच्या मागे लागून त्यांना एका एजन्सीतर्फे तळ्यावर रखवालदार म्हणून चिकटवून दिलं. त्यांची हळद वाचली आणि तळ्याला सयाजीराव मिळाले.

हे तळं म्हणजे खाडीलगतचं उथळ पाणी. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो इथे येऊन उभे राहतात. तळं संरक्षित जागांच्या यादीत घालायचं की नाही, हे ठरवायला जानेवारीच्या शेवटी पाहणीचं पथक येणार होतं. पक्षी दिसले तर तळं यादीत. नाही दिसले तर ती नुसती मोकळी जागा, आणि नवी मुंबईत मोकळ्या जागेचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सयाजीरावांना वरून हुकूम एकच होता: आत परक्या कोणाला सोडायचं नाही.

हुकूम नसता तरी त्यांनी सोडलं नसतं. नोव्हेंबरात पहिला गुलाबी थवा उतरला, तेव्हा हा माणूस शिट्टी तोंडात धरून, न वाजवता, दहा मिनिटं उभा होता. मग मला म्हणाला, "हारुनभाई, चौतीस वर्सं जे म्होरं आलं ते उचललं. ह्यो पयलाच माल बघा, जो उचलायचा न्हाय. नुसता बघायचा." त्यांचे डोळे भरून आले होते. मला तो माणूस तिथेच आवडला.

पण डोक्यातलं मार्केट काही जाईना. पक्षी ते थप्प्यांनी मोजत, दहा पक्ष्यांची एक थप्पी. 'आज नऊ थप्प्या, एक सुट्टा' असं रजिस्टरात लिहीत. आणि मार्केटातला कायदा त्यांनी तळ्यालाही लावला: गेटपासशिवाय आतला माल बाहेर जाणार नाही.

या कायद्यात पहिली सापडली ती शेजारच्या करावे गावची बयाबाई. साठी उलटलेली, काटक, आणि तिचा आवाज माझ्या सोसायटीच्या सातव्या मजल्यापर्यंत येईल असा. ओहोटीला ती आणखी दोघींना घेऊन तळ्यात उतरायची, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायची. तिच्या आईचीही तीच वाट होती. एका सकाळी ती टोपली घेऊन बाहेर आली आणि सयाजीरावांनी हात आडवा घातला.

"मावशी, आत जाताना टोपली मोकळी. भाईर येताना भरल्याली. गेटपास?"

"कसला गेटपास? चिंबोऱ्या काय तुज्या बापाच्या हायेत?"

"आन् त्या घमेल्यात काय हाय?"

"चिखल हाय. उघाडीतला."

उघाडी म्हणजे बांधातलं ते तोंड, जिथून खाडीचं पाणी तळ्यात येतं-जातं. या बाया चिंबोऱ्या धरता धरता तिथला गाळ आणि प्लास्टिक उपसून बाहेर टाकत. पण सयाजीरावांच्या हिशेबी चिखल हाही आतलाच माल. त्यांनी तो परत टाकायला लावला. जिथून काढला होता तिथेच. चांगली आठ घमेली, आणि स्वतः उभं राहून.

बयाबाईने शेवटचं घमेलं पालथं केलं, हात झटकले आणि म्हणाली, "ठेव तुजा तलाव तुज्याकडंच. आमी परत यायचो नाय."

आता कबूल करतो, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर थांबलो नाही. सयाजीरावांच्या कौतुकाचा अर्ज एजन्सीला पाठवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. त्रेपन्न अंगठे आले. माझी बायको खैरुन्निसा कोकणातल्या खाडीकाठची. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईला विचारलंत का, चिखल का काढत होती?" मी तिला म्हटलं, तुला संवर्धनातलं काही कळत नाही.

तीन आठवडे गेले. रजिस्टरात नऊ थप्प्यांच्या पाच झाल्या, मग दोन, मग 'तीन सुट्टे'. तळ्याला वास मारू लागला, कडेचा चिखल भेगाळला. सयाजीरावांनी आधी कुत्र्यांवर संशय घेतला, मग लग्नाच्या फोटोवाल्यांच्या ड्रोनवर, मग माझ्या पांढऱ्या टोपीवर. मी टोपी बदलली. दुसऱ्या दिवशी रजिस्टरात एकच शब्द होता: 'निरंक'. पथक यायला बारा दिवस उरले होते.

"टँकर किती लागत्याल, हारुनभाई?" त्यांनी विचारलं. माणूस खरंच गणित मांडून बसला होता.

त्या दुपारी भरती होती. आम्ही बांधावर गेलो. एका अंगाला खाडी काठोकाठ, दुसऱ्या अंगाला तळं कोरडं, आणि मध्ये उघाडीच्या तोंडात गाळाचा गच्च ढीग. सयाजीराव त्याच्याकडे बघत राहिले. खाली बसले. टोपी काढली.

"ही थप्पी म्याच लावली," ते म्हणाले.

आणि त्या थप्पीच्या कौतुकाचा अर्ज मी केला होता.

संध्याकाळी आम्ही दोघे करावे गावात गेलो. बयाबाई ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "येन्याचं कारन?"

"चुकलं, मावशी."

"कोनाचं?"

"माजं."

"आनि या भायचं?"

"माझंही," मी म्हटलं.

तिने आणखी चार कोळंब्या सोलल्या. आम्हाला उभंच ठेवलं. मग म्हणाली, "पुनवेचं उधान यायच्या आत उघाडी मोकली झाली पायजे. आमी उपसू. वाहायचं तू. खांदा हाय नं अजून?"

खांदा होता. तीन दिवस ओहोटीला बाया गाळ उपसत होत्या आणि सयाजीराव डोक्यावर टॉवेलाची चुंबळ ठेवून घमेली बाहेर काढत होते. मी पाणी द्यायला होतो. एकदा घमेलं उचलूनही बघितलं, पण बयाबाईने हसून ते काढून घेतलं. पौर्णिमेला उघाडीतून पाणी आत शिरलं, तेव्हा सयाजीरावांनी शिट्टी मारली. कोणाला अडवायला नव्हे, नुसतीच.

पथक आलं त्या सकाळी तळ्यात सदतीस पक्षी होते. पथकाच्या प्रमुख सुनयना मॅडम दुर्बीण लावून बराच वेळ पाहत राहिल्या, मग रजिस्टर चाळू लागल्या. आदल्या रात्री मीच सयाजीरावांना म्हटलं होतं की मधली पानं चिकटवून टाका, नोकरी जाईल.

"डिसेंबरात नऊ थप्प्या, जानेवारीत निरंक. पक्षी का गेले?" मॅडमनी विचारलं.

सांगायला कुत्री होती, ड्रोन होता, माझी टोपी होती. सयाजीराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "म्या घालवलं, मॅडम. ह्या मावशी पाण्याची वाट मोकळी ठेवत हुत्या. मी त्यास्नी चोर समजलो. माज्या जागी दुसरा ठेवा, पर त्यास्नी आडवू नका."

मॅडमनी पान उलटलं. उघाडी उपसली त्या तीन दिवसांच्या नोंदी तिथे होत्या. 'बयाबाई, करावे. आत: टोपली मोकळी. बाहेर: चिंबोऱ्या सात, चिखल साठ घमेली. गेटपास: कायमचा.' मॅडमनी त्या पानाचा फोटो काढला.

"अहवालाला हेच पान जोडते," त्या म्हणाल्या. "आणि रखवालदार हाच राहू दे."

"ऱ्हाऊ दे," मागून बयाबाई म्हणाली. "आता कुठं त्याला काम यायला लागलंय."

मार्चमध्ये तळं यादीत आलं. फाटकावर बोर्ड लागला: प्रवेश बंद, करावे गावच्या पारंपरिक मासेमारीखेरीज. बोर्ड लागला त्या दिवशी बयाबाई मुद्दाम टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "माजं नाव लिव." सयाजीराव म्हणाले, तुमाला गरज न्हाय. ती हलेना. तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, येण्याच्या कारणापाशी पेन थांबलं, आणि मग त्यांनी लिहिलं: 'तळं यांचं आहे.'

खाली मी होतोच. मधुमेह.