पिशव्या कुणाकडं हायत?

सगळं कुटुंब बर्फात ओळीनं उभं राहायचं, पोरं दात दाखवायची, साळवेकाका कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि मग पुन्हा खाली घ्यायचे. "पिशव्या कुणाकडं हायत?" कुणाला आधी कळायचंच नाही. मग कडेला, जीपच्या चाकापाशी एक बाई दिसायची. बहुतेक धाकटी सून. दोन्ही खांद्यांना पर्सा, हातात थर्मास, पोरांचे ओले मोजे, सासऱ्याची कानटोपी. "ठिवा ते खाली आन् या हिकडं. अर्ध्या घराचा फोटू मी काढत नाय." सासू विचारायची, सामानाकडं कोण बघंल? काका म्हणायचे, "हितं कोन चोर यायलाय, मावशी? आला तर त्यालाबी उभा करू मागं."

मी सहली नेते. भाड्याच्या एका जीपवर सुरुवात केली, आता मुकुंदवाडी स्टेशनाजवळ स्वतःचं ऑफिस आहे. दर जानेवारीत आपल्याकडची दहा-बारा कुटुंबं मनालीला नेऊन बर्फ दाखवते. साळवेकाका अकरा हिवाळे माझ्याबरोबर फोटोग्राफर म्हणून होते. लोक अजून त्यांचं नाव काढतात, दिवाणखान्यातल्या फ्रेमा दाखवतात. माझ्या घरी तशी फ्रेम नाही. माझी आई आयुष्यात एकदाच बर्फात गेली आणि त्या दिवसाचा तिचा एकही फोटो त्यांनी काढला नाही. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

माणूस कसबी होता, हे मात्र नाकारणार नाही. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते म्हणून ते बॅटऱ्या बनियनच्या आतल्या खिशात, काखेपाशी ठेवायचे. "तिलाबी थंडी वाजती, ताई. आपल्याच गावची हाय ती." संध्याकाळी हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे आणि तासभर उघडायचे नाहीत. खोलीच्या उबेत भिंगाला घाम फुटतो म्हणून. पोरं फोटो बघायला मागं लागायची. काका पिशवीकडं बोट दाखवून सांगायचे, "झोपलाय. उठला की दाखिवतो."

आमचं भांडण व्हायचं ते बर्फावरून. मला माहितीपत्रकासाठी निळं आभाळ, मागं डोंगर, चमकणारा बर्फ असे फोटो हवे असायचे. त्यांच्या फोटोत बर्फ म्हणजे कोरा कागद. कारण ते उजेड बर्फाचा धरायचेच नाहीत, माणसाच्या तोंडाचा धरायचे. आपली माणसं सावळी, त्यात सूर्य पाठीशी. बर्फ नीट यावा म्हणून उजेड कमी केला की तोंडं काळी ठिक्कर पडतात, आणि तोंडं उजळली की मागचं सगळं पांढरं होऊन उडून जातं. दोन्ही एकदम मिळत नाही. मी भाजी घेतल्यासारखी घासाघीस करायची.

"काका, निम्मा डोंगर तरी ठेवा."

"निम्मा डोंगर नसतोय, ताई."

"मग तोंडं जरा कमी उजळ करा. कोण बघतंय एवढं?"

"त्यांची माय बघती," ते म्हणायचे. "शाळेच्या ग्रुप फोटूत मी मागच्या रांगेत उभा होतो. फोटूवाल्यानं गुरुजीच्या पांढऱ्या सदऱ्याचा उजेड धरला. सदरा काय झकास आला. आन् माझी माय बोट फिरवीत बसली, ह्यात माझा दिगू कंचा? नाय घावलो तिला." हे सांगताना ते हसायचे. मग मला म्हणायचे, "डोंगर विकायचा आसंल तर येगळा काढून देतो. माणसं उभी केली की मला डोंगर सांगू नका." आणि खरंच पहाटे एकटे जाऊन डोंगराचे फोटो काढून आणायचे. सुंदर असायचे. त्यावरच माझी पत्रकं चालली.

आईला मी त्यातल्या सहाव्या का सातव्या हिवाळ्यात नेलं. ती देवगाव रंगारीहून पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती. भाड्याचा कोट तिनं घातला नाही. दुसऱ्याचा घाम अंगाला नको म्हणाली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पांढरी लोकरीची शाल आणि पायात मात्र नाइलाजानं काळे गमबूट. जीपमधून उतरली, वाकली, मूठभर बर्फ उचलून जिभेला लावला आणि म्हणाली, "काईच चव नाय की गं ह्याला."

त्याच वेळी जीपवाले अडून बसले. वरच्या मोठ्या मैदानापर्यंत नेण्याचं ठरलं होतं, ते खालीच उतरवून मोकळे झाले. रस्ता खराब आहे म्हणाले. त्याच रस्त्यानं दुसऱ्या गाड्या वर जाताना मला दिसत होत्या. मी भांडायला उभी राहिले. साळवेकाका मागून आले, "ताई, आई फोटूला थांबल्यात. दोन मिनिटं या." मी म्हटलं, आले. थोड्या वेळानं पुन्हा आले. मी हातानंच थांबा म्हटलं, कारण जीपवाल्यांचा मुकादम नरम यायला लागला होता आणि अशा वेळी पाठ फिरवली की सगळं हातचं जातं. तिसऱ्यांदा आले. नुसते शेजारी उभे राहिले. मी त्यांच्यावरच खेकसले, "दिसत नाही का?" ते गेले. मी जिंकले. गाड्या वर गेल्या. पण तोवर आभाळ भरून आलं होतं, आईचे पाय गारठले होते आणि ती जीपमधून उतरली नाही. उद्या काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाला.

चार वर्षांनी आई गेली. दहाव्या-तेराव्याला ठेवायला फोटो शोधायला लागले तर आधार कार्डावरचा तो एक, ज्यात ती रागावल्यासारखी दिसते. मी तडक साळवेकाकांच्या दुकानात गेले. मला खात्री होती, एखादा तरी चुकून निघाला असेल.

"नाय, ताई," ते म्हणाले. "मी काढणार हुतो. अर्ध्या घराचा काढत नाय, त्यो नियम मोडून काढणार हुतो. आईच नको म्हनल्या. 'ती यिऊ द्या. एकटीचा काढून भितीला टांगायचाय व्हय? मी काय मेले का?' आसं म्हनल्या."

आई असंच म्हणाली असणार. तिचा आवाजच कानावर आला. तरी मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत कशाला? म्हातारं माणूस काहीही म्हणतं. त्यांनी माझ्यापुढं स्टूल सरकवलं. त्या सहलीचे सगळे फोटो संगणकावर उघडले आणि आम्ही अख्खी दुपार एकेक बघत बसलो. दुसऱ्यांच्या सासवा, दुसऱ्यांची पोरं, दुसऱ्यांच्या हसणाऱ्या सुना, सगळ्यांची तोंडं कशी लखलखीत.

शेवटी एका फोटोत त्यांनी बोट ठेवलं. पैठणचं एक कुटुंब उभं होतं आणि त्यांच्या मागं, डाव्या कडेला, बर्फात हिरव्या लुगड्याचा एक पट्टा आणि दोन काळे गमबूट. वर काही नाही. पांढरी शाल, त्यातलं डोकं, खांदे, सगळं बर्फाबरोबर उडून गेलं होतं. गमबुटांची टोकं मात्र स्पष्ट कळत होती. ती माझ्याकडं, जीपांकडं वळलेली होती.

"संगणकात काही करता येत नाही का?"

"कॅमेऱ्यानं घेतलंच नाय, ते संगणक कुठून आणील?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "लोकांची तोंडं उजळायच्या नादात तुम्ही माझी आई पुसून टाकली. येत्या जानेवारीपासून येऊ नका." शेजारचा झेरॉक्सवालासुद्धा डोकावला. साळवेकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "तुमचा चहा गार झाला, ताई. दुसरा सांगतो." मी चहा न घेताच निघाले.

ते परत आले नाहीत. मी बोलावलं नाही. आता माझ्याकडं ड्रोनवाला पोरगा आहे. त्याच्या फोटोत डोंगर झकास येतात. गेल्या वर्षी साळवेकाका वारले, हे मला एका ड्रायव्हरनं सांगितलं. मी गेले नाही.

"मी तीनदा बोलवायला आलो हुतो, ताई," एवढं एक वाक्य त्यांच्यापाशी होतं. त्या दुपारी त्यांनी ते माझ्या तोंडावर मारायला हवं होतं. मी सवाई उत्तर दिलं असतं. त्या वेळी माझ्याकडं दहा उत्तरं होती. भांडण पेटलं असतं, आणि पेटलेलं भांडण कधीतरी मिटवता येतं, ते मला चांगलं जमतं. त्यांनी चहा विचारला. ते वाक्य बोलायचं माझ्यावर टाकून गेले, आणि माझ्या आवाजात आलं की त्याला एकसुद्धा उत्तर सापडत नाही.