मातीच्या भिंतीला सिमेंट

मी गवंडी माणूस. चौथी शिकलो, म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो.

लेक औरंगाबादला घरं बांधायचं शिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मी मातीचीच घरं बांधणार." लातूरकडच्या भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती, तरी माणसं मातीच्या भिंतीला भ्यायची. तिनं हिंगोलीत खोली घेऊन पाटी लावली. वर्षभर कोणी फिरकलं न्हाई.

मग औंढ्याजवळच्या एका शेतकऱ्याचं घर मिळालं. भिंती मी उचलल्या. बायकोनं पांढरी माती अन् गव्हाचा भुसा आठ दिवस मुरवला, रोज पायानं तुडवला, मग लिंपण केलं. लेक म्हणायची, "हे घर बघून लोक येतील. मग काम मागत फिरावं लागणार न्हाई."

लेक दोन दिवस औरंगाबादला गेली अन् मालक आला. त्याच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते. "मिस्त्री, दर्शनी भिंतीला सिमेंट मारा. पाहुणे म्हणतील, मातीत राहतेत."

बायको म्हणाली, "मारू नका. आतली ओल कुठून निघंल?"

"तुला काय कळतं गवंडीकामातलं?"

"मग तीस वर्षं तुमच्या भिंती कोण लिंपून राहिलं?"

मालक खदखदून हसला. त्याच्यावर चिडायचं, तर मी तिच्यावर चिडलो. सिमेंट मारलं, वरून चुना दिला; परत आलेल्या लेकीला चुनाच दिसला. सोयरीक जमली.

पावसाळ्यात वरून मुरलेलं पाणी सिमेंटामागं अडकलं. पोळ्याच्या आधी भिंत फुगली अन् बसली. माणसं वाचली, एक शेळी मेली. घर बघायला लोक आलेच. "मातीचं घर, दुसरं काय होणार," म्हणून गेले. मी तिथंच होतो. तोंड उघडलं न्हाई. लेकीनं सिमेंटाची खपली उचलून पाहिली. "काहून बाबा?" एवढंच म्हणाली.

तिनं पाटी उतरवली. नांदेडला एका इंजिनियरच्या हाताखाली स्लॅबच्या घरांचे नकाशे काढू लागली, अजून तेच काढती. बायको दुसऱ्या वर्षी गेली. दवाखान्यात म्हणाली होती, "लोकायला खरं सांगा. पोरीच्या माथ्यावर ठेवू नका." मी हो म्हणालो अन् सांगितलं न्हाई. लाज वाटायची.

परवा लेकीला फोन केला. म्हणलं, औंढ्याला जातो, सगळ्यायला सांगतो.

"आता कोणाला सांगता, बाबा? त्यायनी सगळ्यायनी स्लॅब टाकले. नकाशे मीच काढून दिले."