पडण्याची गोष्ट

आमच्या घरात एक गोष्ट आहे. माझी बायको, मुलीची आई, मोरीत कशी पडली, ती गोष्ट. मी ती इतक्यांदा सांगितली आहे की पैपाहुणे माझ्याआधी तिचा शेवट सांगून मोकळे होतात. खरं काय झालं ते मात्र मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग मुलीचं लग्न व्हायचं होतं म्हणून, मग आता या वयात कशाला म्हणून. बायको गेल्यावर तर कारणसुद्धा लागेना.

मलकापूरच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत एक मोठं रिसॉर्ट झालं आहे. तिथल्या एका दिवसामुळे हे लिहायला बसलो. तो दिवस मुलीने आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिला होता. ती पुण्यात असते. सकाळी गाडी दारात येईल, दिवसभर स्पा, जेवण, संध्याकाळी परत आणून सोडतील, तुम्ही काही करायचं नाही, असं तिने फोनवर सांगितलं. मग हसून म्हणाली, "आईने पडायचं नाही हां, नुसतं पडून राहायचं."

तिथे पोचल्यावर कळलं की मुलीने रिसॉर्टवाल्यांनाही फोन करून ठेवला होता. आईचा तोल जातो, लक्ष ठेवा. हातात कोकम सरबताचा पेला यायच्या आधीच गणवेशातली एक मुलगी बायकोचं कोपर धरून उभी राहिली, आणि रबरी तळव्यांच्या चपला पुढे आल्या. बायकोने त्या घातल्या. तिचं माहेर उचगाव. लग्नाआधी ती भर पावसात, चिखल झालेल्या बांधावरून, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन कुठे न थांबता चालायची. तिला त्या गुळगुळीत व्हरांड्यातून एक पोरगी धरून नेत होती, आणि मी मागून चाललो होतो.

वाफेची खोली होती, गवती चहाचा वास होता, जाडजूड पांढरे टॉवेल होते. सुख होतं, खोटं कशाला बोलू. वाफेतून बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "उकडलेल्या शेंगेसारखं वाटतंय." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं मिळून हसलो.

मग मालिश. दोन टेबलं, मधे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. माझ्याकडे एक धिप्पाड गडी होता, तिच्याकडे चाळिशीची बाई, बोलण्यावरून इकडचीच. तेल कोमट होतं. मला डुलकी लागत होती, तेव्हा पलीकडून त्या बाईचा आवाज आला.

"आज्जी, ह्यो हात वर जात न्हाई व्हय?"

"नाही. खांद्याच्या वर नाही."

"काय झालतं?"

मी डोळे उघडले. त्या टेबलाला तोंडाखाली भोक असतं. त्यातून मला फक्त फरशी दिसत होती, आणि खाली ठेवलेल्या वाडग्यातल्या पाण्यावर चार पाकळ्या.

बायकोने गोष्ट सांगितली. माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत. मोरीत साबणाची वडी, वडीवर पाय, कळशी एकीकडे, आपण दुसरीकडे, आणि पडता पडताही तोंडातून काय निघालं, तर "दूध उतू गेलं!" त्या दुधावर सगळे हसतात. ती बाईही हसली. ते वाक्य मी रचलेलं आहे. त्या दिवशी चुलीवर दूध नव्हतंच.

"म्हंजे सारख्याच पडता म्हणा की," बाई म्हणाली. "मघाशी हापिसात सांगत हुते."

"मी न्हाई पडत गं," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात माहेर आलं होतं. "ह्यांच्या गोष्टीत पडते."

बाई पुन्हा हसली. माझ्या पाठीवरचे हात थांबले.

"काका, अंग सोडा की," तो गडी म्हणाला. "लाकडागत झालाय."

खरं झालं ते असं. तेव्हा आम्ही वारणानगरला राहायला होतो. मी शिक्षक, दोन खोल्यांचं क्वार्टर, मुलगी चार वर्षांची. एक दिवस शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापकांना चहाला घरी घेऊन आलो, तर दाराला कुलूप. वडिलांचं जास्त झाल्याचा निरोप आला म्हणून बायको मुलीला शेजारी ठेवून उचगावला गेली होती. मला विचारायला शाळेत यावं, तर तिने शाळेत आलेलं मला खपत नसे. मुख्याध्यापक म्हणाले, "काय गुरुजी, घरात आपलं चालतंय का न्हाई?" हसत, गमतीने म्हणाले. चहा आम्ही टपरीवर घेतला.

ती दिवेलागणीला आली. वडिलांना आता उतार आहे, असं सांगत आत आली. मी तिचा उजवा हात धरून मागे पिरगळला. ती 'सोडा' म्हणाली ते मला ऐकू आलं होतं. त्यानंतरही मी जोर केला. मग खांद्यातून उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला.

हाडवैद्याने तिला विचारलं, कसं झालं. उत्तर मी दिलं. मोरीत पाय घसरला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

घरी मुलगी आईचा गळ्यात बांधलेला हात बघून रडायला लागली. तिला गप्प करायला मी पडून दाखवलं. खरोखर, फरशीवर, कळशी घेऊन. मुलगी हसली. पुन्हा करा म्हणाली. मी पुन्हा केलं. भिंतीला टेकून बसलेली तिची आईही हसली. त्या हसण्याने तिचा खांदा किती दुखला असेल, हे मला आता सुचतं.

तेव्हापासून ती आमच्या घरात धांदरट ठरली. कप फुटला, पदर कडीत अडकला, की मी म्हणायचो, "झालं, पडली बघा." मुलगीही म्हणायला लागली. हात मी पुन्हा कधी उगारला नाही, आणि याबद्दल बरीच वर्षं स्वतःला शाबासकी देत आलो. तिचा हात वर जात नसे, म्हणून वेणी मुलगी घालून द्यायची. मुलगी सासरी गेल्यावर बायकोने केस खांद्यापर्यंत कापून घेतले. का, ते मी विचारलं नाही.

मालिशनंतर आम्हाला पोहण्याच्या तलावाशी लांब खुर्च्यांवर बसवलं. समोर डोंगर. बायको चपला काढून काठावर जाऊन बसली आणि तिने पाण्यात पाय सोडले. मी खुर्चीवर पडून मनात वाक्यं जुळवत होतो. पोरांना निबंध शिकवण्यात जन्म गेला, पण मला सुरुवात सापडेना. शेवटी उठून तिच्याकडे निघालो, आणि ओल्या फरशीवर माझाच पाय सटकला. ती वळून उठली आणि तिने मला दंडाला धरलं. डाव्या हाताने. अनवाणी उभी होती, जागची हलली नाही.

"बसा," म्हणाली.

आम्ही दोघं काठावर बसलो, पाय पाण्यात सोडले.

"अगं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे तोंड फिरवलं आणि वाट बघितली. तेवढ्यात काठावर ठेवलेला तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर मुलगी, तिच्या खांद्यामागून डोकावणारी नात.

"कसं चाललंय?" मुलगी म्हणाली. "बाबा, आई पडली नाही ना?"

बायकोने फोन माझ्यापुढे धरला. हाडवैद्यासमोर माझ्याकडे पाहिलं होतं तसंच बघत राहिली. मुलगी समोर होती, ती शेजारी होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"अजून तरी नाही," मी म्हणालो.

पलीकडे मायलेकी हसल्या. माझ्या शेजारी कुणी हसलं नाही. फोन बंद झाल्यावर बायकोने पाय पुसले, चपला घातल्या.

"मघाशी काय म्हणत होता?"

"काही नाही. चहा घेतेस का?"

"घेऊ की," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिला झोप लागली. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली, झोपेतच. तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं तिच्या आठवणी काढत बसली, आणि मुलीने पोरांना मोरीतली गोष्ट सांगितली. उठून करून दाखवली, कळशी घेऊन. पाय कसा उडतो, हात कसा जातो, सगळं माझं होतं. "दूध उतू गेलं" म्हणाली आणि रडायला लागली. बाकीचे डोळे पुसत हसत होते. मी खुर्चीवर बसून होतो.

आता घरात मी एकटाच असतो. आईसाठी म्हणून मुलीने मोरीच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला होता. बायकोने तो कधी धरला नाही, त्यावर ती टॉवेल वाळत घालायची. आता मी धरतो. सकाळी जाग येते तेव्हा मोरीत कळशी टेकवल्याचा आवाज येतो. मग तिची पावलं, सावकाश, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. मी अंथरुणात कान देऊन पडून असतो. एकदा तरी पाऊल चुकेल, माझी गोष्ट एकदा तरी खरी होईल, असं वाटत राहतं. पाऊल चुकत नाही.

हे मुलीला वाचायला देणार आहे. तिला सांगायचं ते सगळं वर आलं आहे. तिच्या आईला सांगायचं होतं ते त्या दिवशी खुर्चीवर पडून जुळवलं होतं, आणि काठावर बसल्यावर 'अगं'च्या पुढे गेलं नाही. ते असं होतं.

अगं, तू पडली नव्हतीस. मी हात पिरगळला. मुख्याध्यापक हसले त्याचा राग तुझ्यावर काढला. हाडवैद्यापुढे तुझ्याऐवजी मी बोललो, आणि मग बोलतच राहिलो. पोरीला तुझ्यावर हसायला मी शिकवलं. तुझा पाय कधी घसरला नाही. मला माफ कर.